नोकरी सांभाळून कॉन्फरन्स, शिकवणे आणि एआयची साधने: एका तरुण डेव्हलपरच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तराला संदर्भ राहील. तुम्ही कल्याणला राहता, अंधेरीला नोकरी करता आणि डेव्हलपर म्हणून तुम्हाला तीन वर्षे झाली आहेत. तुमच्या पाहण्यातली अनुभवी माणसे कॉन्फरन्समध्ये बोलतात, सुट्टीच्या दिवशी कुठेतरी शिकवतात आणि शिवाय सतत निघणारी नवी एआय साधने वापरून पाहतात. हे सगळे नोकरी सांभाळून कसे जमते, आणि कोड जर एआयच लिहिणार असेल तर या खटाटोपाला काही अर्थ उरतो का, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता तुम्ही हेही लिहिले आहे, की गेल्या महिन्यात एका अहवालातली मराठी नावे एक्सेलमध्ये उघडल्यावर अगम्य चिन्हांसारखी दिसू लागली आणि ते निस्तरण्यात तुमचे दोन दिवस गेले. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे.

मी या व्यवसायात २००१पासून आहे. सुरुवातीची काही वर्षे डोंबिवलीहून सीप्झला जात होते, आता मुलुंडला राहते आणि ऐरोलीला काम करते. २०१६पासून घराजवळच्या एका वाचनालयाच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तीन ते पाच अभियांत्रिकी पदविकेच्या मुलामुलींना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. माझ्या अनुभवात तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींचे मूळ शिकवण्यात आहे. शिकवायला उभे राहिले की आपल्याला काय समजलेले नाही ते कळते, त्यातूनच कॉन्फरन्समध्ये सांगण्याजोगे काहीतरी हाती लागते, आणि एआयने दिलेले उत्तर तपासण्याची नजरही तिथेच तयार होते. म्हणून वेळ कमी असेल तर शिकवण्यापासून सुरुवात करा, असे मी म्हणेन. हे कसे घडते ते दोन प्रसंगांतून सांगते.

पहिला प्रसंग २०१७च्या पावसाळ्यातला. स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, लांबी मोजणारे फंक्शन मी समजावून सांगत होते. नेहमीचे इंग्रजी उदाहरण झाल्यावर एका मुलीने आपल्या लॅपटॉपवर ‘महाराष्ट्र’ हा शब्द टाकून पाहिला आणि विचारले, “मॅडम, अक्षरे चार आहेत, मग हा दहा का सांगतो?” काने-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, असे सांगून मी पुढे जाणार होते, पण ती बोटांवर मोजत बसली. म, ह, काना, र, काना, ष, ट, र. “हे तर आठच झाले. उरलेले दोन कुठले?” त्या वेळी माझ्याकडे सोळा वर्षांचा अनुभव होता आणि या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढच्या शनिवारी सांगते, असे मी वर्गाला सांगितले आणि जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यूनिकोड या पद्धतीची माहिती त्या रात्री प्रथमच नीट वाचली.

उरलेले दोन म्हणजे हलन्त. आपण ‘ष्ट्र’ हे एक जोडाक्षर म्हणून लिहितो, पण संगणकाच्या साठवणीत ते ष, हलन्त, ट, हलन्त, र असे पाच संकेत असतात. यूनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे आणि त्यातला प्रत्येक संकेत यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीने लिहिताना तीन बाइट (साठवणीची लहान एकके) घेतो, म्हणून डोळ्यांना चार अक्षरी दिसणारा हा शब्द संकेतांनी मोजला तर दहा आणि बाइटांनी मोजला तर तीस भरतो. पायथनच्या नेहमीच्या पद्धतीने तो उलटा केला तर ‘र्ट्षाराहम’ असे काहीतरी निघते, कारण उलटताना जोडाक्षराची आणि काना-मात्रांची घडी विस्कटते. हे कळल्यावर ऑफिसातल्या अनेक जुन्या दुखण्यांचा उलगडा झाला. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात आणि मराठीत मात्र ७०च संकेत मावतात, त्यामुळे एका ग्राहकाचे मराठी संदेश दोन तुकड्यांत जात आणि बिल दुप्पट येत असे. एका डेटाबेसमधल्या नावाच्या रकान्याची मर्यादा बाइटांत ठरवलेली होती, त्यामुळे लांब आडनावांचा शेवट कापला जात असे. या दोन्ही तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे निरनिराळ्या पॅचने बुजवत आलो होतो. त्यांचे मूळ एकच आहे हे मला एका पदविकेच्या विद्यार्थिनीमुळे कळले.

माझे कॉन्फरन्समधले पहिले भाषण याच प्रश्नावर झाले. त्याचा प्रस्ताव आधी दोनदा नाकारला गेला होता, आणि नाकारणाऱ्यांचे बरोबर होते. दोन्ही वेळा मी ‘यूनिकोडची ओळख’ अशा धर्तीचे, सगळे काही सांगू पाहणारे टिपण पाठवले होते, आणि असे टिपण वाचून निवड करणाऱ्यांना भाषणात नेमके काय मिळणार ते कळत नाही. तिसऱ्या वेळी ‘महाराष्ट्र या शब्दाची लांबी किती?’ एवढाच प्रश्न मथळ्यात ठेवला आणि खाली त्या एका शब्दाची निरनिराळी उत्तरे व प्रत्येक उत्तर कधी बरोबर ठरते ते पाच ओळींत लिहिले. तो स्वीकारला गेला. प्रस्ताव लिहिताना स्वतःला एवढेच विचारावे, की श्रोता खोलीत येताना कोणता प्रश्न घेऊन येईल आणि जाताना त्याला काय करता येईल. विषय जितका अरुंद, तितके भाषण कसदार होते.

त्या भाषणानंतर चहाच्या रांगेत फॉन्टवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला थांबवले आणि माझ्या यादीत एक उत्तर राहिले आहे, असे सांगितले. वापरणाऱ्याला ‘एक अक्षर’ वाटेल असा तुकडा कुठे पाडायचा, याचेही यूनिकोडचे नियम आहेत, आणि त्या वेळच्या नियमांनुसार ‘ष्ट्र’चे तीन तुकडे पडत, म्हणजे ‘महाराष्ट्र’ची लांबी सहा येई. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये यूनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम समाविष्ट झाला आणि मोजणी आपल्या डोळ्यांना दिसते तशी चारवर आली. हा बदल मला त्याच आठवड्यात समजला, कारण त्या चहाच्या रांगेतली ओळख टिकली होती. कॉन्फरन्सची बहुतेक भाषणे नंतर घरबसल्या पाहता येतात. प्रवास करून जाण्याचे खरे कारण त्या रांगेत भेटणारी माणसे हे आहे. त्यामुळे दिवसभर एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात धावण्यापेक्षा तीन-चार भाषणे निवडा आणि मधला वेळ बोलण्यासाठी मोकळा ठेवा.

कुठल्या कॉन्फरन्सला जावे, हेही पारखून घ्यावे लागते. गोरेगावच्या नेस्कोत किंवा बीकेसीत भरणारे मोठे मेळावे बहुतांशी विक्रेत्यांचे असतात. तिथे उत्पादने पाहायला मिळतात, पण ती का फसतात हे सांगणारा माणूस क्वचितच व्यासपीठावर असतो. स्वयंसेवक चालवतात त्या कॉन्फरन्सची गोष्ट वेगळी असते. पायथन वापरणाऱ्यांची पायकॉन इंडिया ही कॉन्फरन्स २००९मध्ये बंगळुरूला प्रथम भरली आणि आजही ती स्वयंसेवकांच्याच बळावर उभी राहते. अशा ठिकाणी आपल्या चुका उघडपणे सांगणारे लोक भेटतात. बंगळुरूला जायचे तर सीएसएमटीहून उद्यान एक्स्प्रेसने साधारण एक दिवस लागतो आणि परतीचा प्रवास धरून रजा चार दिवसांवर जाते, त्यामुळे वर्षाला अशी एकच फेरी मी ठरवते. अनेक स्वयंसेवी कॉन्फरन्स बोलणाऱ्यांना प्रवासासाठी साहाय्य देतात. ते मागण्यात संकोच करू नये. माझ्या आधीच्या एका कंपनीने भाषण ठरलेले असतानाही रजा नाकारली होती आणि मला ऐन वेळी आयोजकांना कळवावे लागले होते, तेव्हापासून प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच वरिष्ठांकडून लेखी होकार घेण्याची सवय मी लावून घेतली आहे. मुंबईतल्या मुंबईत पवई, अंधेरी भागात संध्याकाळी होणारे छोटे मीटअप आहेतच. तिथे पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणांसाठी बहुधा आयत्या वेळी नाव देता येते, आणि पहिल्यांदा बोलणाऱ्यासाठी तीच सर्वांत योग्य जागा आहे.

तयारीबद्दल एवढेच सांगते, की अर्ध्या तासाच्या भाषणाला मला आजही जवळपास चाळीस तास लागतात. कोड पडद्यावर मागच्या रांगेला वाचता येईल एवढा मोठा असावा, आणि चालवून दाखवायचा कार्यक्रम सभागृहाच्या वायफायवर अवलंबून नसावा.

आता एआयकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा काच तिथे आहे, हे मला जाणवले. दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा. आमच्या वर्गाच्या वेळा आणि सूचना मुलांच्या फोनवर जाव्यात, यासाठी मी एका एआय साधनाकडून छोटा प्रोग्राम लिहून घेतला. दहा मिनिटांत सुमारे दोनशे ओळींचा नीटनेटका कोड तयार झाला, सोबत तो बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्टही आल्या आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या. शनिवारच्या आदल्या दिवशी मुलांना संदेश गेला, की वर्ग दुपारी २ वाजून ३७ मिनिटांनी सुरू होईल.

एखादा तास पुढे-मागे झाला असता तर मी नेहमीची कारणे शोधली असती. पण तेवीस मिनिटांची चूक मी कधी पाहिली नव्हती. शनिवारी वर्गातच आम्ही ती शोधायला बसलो. एका मुलाने वेळ छापून पाहिली तेव्हा भारतीय वेळेचे अंतर साडेपाच तासांऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटे आले. जगभरच्या वेळांची जी सामायिक नोंद संगणक वापरतात, तिच्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हे नाव आहे, आणि त्या नोंदीत प्रत्येक ठिकाणचा इतिहासही साठवलेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात; कोलकाता साधारण ८८.४ अंश पूर्व रेखांशावर असल्याने तिथली जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे पाच तास त्रेपन्न मिनिटे होती, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून, म्हणजे साडेपाच तासांवर ठरली. पायथनची पायटीझेड ही जुनी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, थेट तारखेला जोडली तर ती त्या नोंदीतली सर्वांत जुनी, म्हणजे प्रमाणवेळेच्या आधीची वेळ उचलते. ही अडचण जाणकारांना फार वर्षांपासून माहीत आहे, ती टाळण्याची वेगळी पद्धतही त्याच लायब्ररीत आहे, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या पायथन ३.९पासून झोनइन्फो हे नवे मॉड्यूल भाषेसोबतच मिळते, ज्यात हा घोळ होत नाही. वर्गाला मी मुंबईची वेळही मोजायला लावली: सुमारे ७२.८ अंश, म्हणजे चार तास एकावन्न मिनिटे. १९०६मध्ये देशासाठी प्रमाणवेळ ठरल्यानंतरही या शहराने आपली ‘बॉम्बे टाइम’ अनेक दशके सोडली नव्हती, हे ऐकून मुले जेवढी रंगली तेवढी ती वर्षभरात कशातच रंगली नव्हती.

या प्रसंगात शिकण्यासारखे बरेच आहे. एआयने ती चूक केली, कारण इंटरनेटवर अनेक वर्षांचा पायटीझेडचा कोड पडून आहे, त्यात चुकीचा कोडही भरपूर आहे, आणि मॉडेल त्यावरच शिकले आहे. टेस्ट पास झाल्या, कारण टेस्टमध्येही वेळ त्याच चुकीच्या पद्धतीने तयार केली होती; दोन्हीकडे चूक सारखीच असली की तुलना बरोबर येते. चूक कुठे आहे ते सांगितल्यावर त्याच साधनाने ती एका ओळीत दुरुस्त केली. त्याने माझे चार तास वाचवले हे खरे आहे आणि मी ते कृतज्ञतेने मानते. पण २ वाजून ३७ मिनिटे ही वेळ खटकायला माणूस लागला, आणि ती का खटकते हे शोधायला वेळ म्हणजे काय हे ठाऊक असावे लागले. कोड एआयने लिहिला तरी ही जबाबदारी आपल्यावर राहते, आणि ती पेलण्याची ताकद शिकवण्यातून येते, असे मी म्हणते त्याचा आधार हा आहे.

एआयमुळे काम किती लवकर होते, याबद्दल तुम्ही परस्परविरोधी दावे वाचले असतील. दोन अभ्यास एकत्र ठेवून पाहा. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साधनावर झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला होता, आणि साधन वापरणाऱ्या गटाने ते काम ५५.८ टक्के कमी वेळात केले. याउलट ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी डेव्हलपरनी आपापल्या ओळखीच्या मोठ्या मुक्त-स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांतली २४६ कामे केली. तिथे एआय वापरायला परवानगी असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मला त्यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते, की काम संपल्यावरही त्या डेव्हलपरना आपण २० टक्के लवकर काम केले असेच वाटत होते. पहिल्या प्रयोगात काम नवे, छोटे आणि सर्वपरिचित होते. दुसऱ्यात कोड जुना, मोठा आणि करणाऱ्याच्या हाडीमाशी खिळलेला होता. साधने त्यानंतरही बदलली आहेत, त्यामुळे हे आकडे कायमचे मानू नयेत. पण आपल्या घाईच्या भावनेवर विश्वास ठेवू नये आणि घड्याळ लावून मोजावे, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

मी तसे मोजते. बुधवारी संध्याकाळी दोन तास मी नव्या साधनांसाठी ठेवले आहेत. तीन महिन्यांत एकच साधन निवडते, कारण दर आठवड्याला नवे धरले तर कुठल्याच साधनाच्या खोडी कळत नाहीत. साधनाला काही विचारण्यापूर्वी एका साध्या वहीत उत्तर काय यावे असे मला वाटते ते तीन ओळींत लिहिते आणि अंदाजे वेळ टाकते. मग विचारते, उत्तर वाचते आणि फरक लिहून ठेवते. या वहीवरून मला माझ्या कामापुरते बरेच कळले आहे. दुसऱ्या कोणी लिहिलेला जुना कोड समजून घेणे, टेस्टचे पहिले आराखडे, न येणाऱ्या भाषेतली छोटी कामे, संगणक दाखवतो त्या चुकांच्या संदेशांचा अर्थ लावणे, यात साधनांचा मोठा उपयोग होतो. २०२५पासून क्लॉड कोडसारखी जी साधने स्वतः फाइल उघडतात, बदलतात आणि टेस्ट चालवतात, त्यांच्याकडे मी काम देते ते लहान तुकड्यांत आणि प्रत्येक बदल वाचूनच स्वीकारते, कारण चाळीस फाइलींचा बदल एकदम समोर आला की माणूस तो वाचत नाही, फक्त खाली सरकवत जातो. साधनाने सुचवलेली प्रत्येक लायब्ररी खरोखर अस्तित्वात आहे का आणि ती कोणाची आहे, हेही मी पाहते. मॉडेल अनेकदा खरे वाटणारे पण अस्तित्वात नसलेले नाव देते, आणि अशी नावे आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवण्याचा धोका खरा आहे. ग्राहकांची माहिती कुठल्याही साधनात चिकटवू नये, हे तर सांगायलाच नको. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

एक गोष्ट मात्र मी एआयकडून कधीच करून घेत नाही, ती म्हणजे जे मला नव्याने शिकायचे आहे त्याचा पहिला प्रयत्न. तो अडखळत, चुकत, स्वतःच करायचा असतो. हे मी मुलांच्या बाबतीतही पाहते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस आले आणि पुढच्या काही महिन्यांत माझ्या वर्गात गृहपाठ एकाएकी निर्दोष येऊ लागले. एका मुलाने फाइल वाचून सरासरी काढणारा प्रोग्राम आणला होता. मी विचारले, फाइल रिकामी असेल तर काय होईल? तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मी त्याला रागावले नाही, कारण त्याने सोपा मार्ग घेतला यात नवल नव्हते आणि माझीच तपासण्याची पद्धत जुनी झाली होती. तेव्हापासून गृहपाठाचे गुण मी बंद केले. मुले कुठल्याही साधनाने प्रोग्राम लिहून आणतात, वर्गात मी त्यातली एक अट बदलते, आणि लॅपटॉप मिटून आता काय छापले जाईल ते कागदावर लिहायला सांगते. तो मुलगा आज घणसोलीत टेस्टर म्हणून काम करतो आणि रिकाम्या फाइलपासूनच सुरुवात करतो.

पण याच मुलांना एआयमुळे जे मिळाले आहे, त्याचे मोलही मला मनापासून वाटते. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीतल्या प्राध्यापकाला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला बिचकतात. रात्री अकरा वाजता फोनवर तोच प्रश्न मराठीत पाच वेळा विचारता येतो, ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही. इथेही आपली लिपी आडवी येतच होती. भाषा-मॉडेल मजकूर वाचण्यापूर्वी त्याचे टोकन नावाचे तुकडे करते आणि वेळ व पैसा त्या तुकड्यांवर मोजला जातो. ओपनएआयने मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ आणले तेव्हा एकच मजकूर निरनिराळ्या भाषांत तोडून दाखवला होता. त्यात इंग्रजीचे तुकडे २७वरून २४वर आले होते आणि मराठीचे ९६वरून ३३वर. म्हणजे तोवर मराठीत विचारणारा विद्यार्थी इंग्रजीत विचारणाऱ्याच्या तिपटीहून अधिक तुकडे खर्च करत होता. हे आकडे मी वर्गात सांगितले तेव्हा २०१७मधला ‘महाराष्ट्र’च्या लांबीचा तोच प्रश्न मला आठवला.

शिकवायचे कुठे आणि कोणत्या भाषेत, असेही तुमच्या मनात येईल. मुंबईत मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा भक्कम आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून ते काम करत आली आहे आणि चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात आजही करते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीतही ऐकायला मिळतात; ते आधी पाहावेत, म्हणजे एका वेळी किती थोडे सांगायचे याचा अंदाज येतो. पारिभाषिक शब्दांबाबत माझा कल स्पष्ट आहे: व्हेरिएबल, फंक्शन, लूप ही नावे तशीच ठेवावीत, कारण मुलांना मुलाखतीत तीच लागतात, पण समजावणे अस्सल मराठीत असावे. सुरुवात करायला वर्ग लागत नाही. ऑफिसात नव्याने आलेल्या दोघांना दर शुक्रवारी अर्धा तास आपला कोड समजावून सांगणे, हेही शिकवणेच आहे.

आणि वेळ. मुलगा लहान असताना चार वर्षे मी एकाही कॉन्फरन्सला गेले नाही आणि काहीही शिकवले नाही. त्यामुळे माझे कायमचे काही बिघडले नाही. ज्यांना तुम्ही हे सगळे एकाच वेळी करताना पाहता, त्यांची तशी वर्षे तुम्ही पाहिलेली नसतात. कल्याणहून घाटकोपरपर्यंत लोकलने आणि पुढे मेट्रोने जाताना लॅपटॉप उघडणे शक्य नाही, हे मला माहीत आहे. पण दिवसभरात जो प्रश्न नीट समजला नाही तो एका वाक्यात फोनवर लिहून ठेवणे उभ्यानेही जमते. माझ्या बहुतेक भाषणांचे मथळे मुलुंड-ऐरोली पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये सुचले आहेत.

आता तुमच्या त्या अहवालाबद्दल. तुमच्या प्रोग्रामने सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, यूटीएफ-८ पद्धतीने लिहिली असणार. पण ती त्या पद्धतीची आहे हे सांगणारी खूण फाइलच्या सुरुवातीला नसल्याने एक्सेलने ती विंडोजच्या जुन्या, एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या पद्धतीने वाचली, आणि ‘म’चे तीन बाइट तीन निरनिराळी परकी चिन्हे होऊन बसले. बीओएम नावाची ती खूणही तीनच बाइटांची असते, आणि पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ दिले की ती आपोआप लिहिली जाते. तुम्ही दोन दिवसांनी याच उत्तराशी पोचला असाल, किंवा एखाद्या साधनाने ते दिले असेल, दोन्ही चालेल. आता ते वीस मिनिटांत दुसऱ्यांना सांगा. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी माझ्या वर्गाचा शेवटचा भाग मी तुमच्यासाठी मोकळा ठेवते. मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, प्रोजेक्टरची केबल माझ्याकडे आहे. मुलांना आधी ती बिघडलेली फाइल दाखवा, आणि बाइट त्यांनाच मोजू द्या.